हौदातलं निळं फूल

म्हशी विकायचा हट्ट माझा होता. सासूबाई गेल्यावर शेणघाण, वैरण, धारा, सगळं माझ्याच गळ्यात आलं. दोन वर्षं रेटलं, मग हात टेकले. सासरे 'विका' म्हणाले आणि गोठ्याकडं पाठ करून बसले. पुढं त्यांना विसर पडायला लागला. विकल्याचं तेवढं विसरले, म्हशी नाही विसरले. रोज सकाळी घरामागच्या परड्यात म्हशींच्या रिकाम्या हौदाशी खुर्ची टाकायची आणि विचारायचं, म्हशी अजून का आल्या न्हाईत? मी सांगायची, विकल्या, मामा. रोज त्यांचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखा पडायचा. वीट आला होता मला, स्वतःचासुद्धा.

म्हणून हौदात पाणी भरून फुलं लावायचं डोक्यात घेतलं. डोळ्यांना दुसरं काही मिळालं तर विचारायचे तरी थांबतील.

गारगोटी रोडच्या नर्सरीवाल्यानं आधी ऊन विचारलं. आमच्या हौदावर फणसाची गच्च सावली, ऊन सकाळचं जेमतेम तीन-चार तास. मला लाल वॉटर लिली आवडली होती, गुलाबीसुद्धा. त्यानं दोन्ही बाजूला सारल्या. एवढ्या सावलीत नुसती पानं बघत बसाल, म्हणाला. कमी उन्हात फुलणारी त्याच्याकडं एकच होती, फिकट निळी. म्हटलं, दे बाबा तीच. आवडीनिवडी करायचं त्राण होतं कुणाला!

लावून आठवडा झाला नाही तोवर सासऱ्यांनी शेजारच्या गोठ्यातनं घमेलंभर शेण आणून हौदात ओतलं. उसापासून तुळशीपर्यंत जन्मभर सगळ्याला शेणच घातलेला माणूस, त्याला काय बोलणार? तरी मी बोललेच, नको तेवढं बोलले. पाणी हिरवं झालं, वासानं परड्यात उभं राहवेना. अख्खा हौद बादलीनं उपसून पुन्हा भरला. कंबर धरली ती चार दिवस सुटली नाही.

महिन्याभरानं एका सकाळी नऊच्या सुमाराला फूल उघडलं. सासरे खुर्ची पुढं ओढून बघत बसले. चहा निवला तरी नजर हलेना. म्हशींचं नाव नाही. सुटले एकदाची, असं वाटलं मला.

कप उचलायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"फूल झ्याक हाय, पोरी," ते हळू म्हणाले. "खरं, म्हशी आल्या की काढायला लागंल. त्यांनी पाणी कुठं प्यायचं?"

"काढते की, मामा," मी म्हणाले. विकल्याचं त्या दिवशी मी पहिल्यांदाच सांगितलं नाही.