चार सेकंद पुढे गेलेलं चित्र

सुजाताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहुरीतल्या आमच्या स्टुडिओत कुठल्याशा लग्नाच्या आमंत्रणाचं ॲनिमेशन करत बसलो होतो. त्यांचे यजमान एवढंच म्हणाले, "सकाळी चहा घेतला, आणि बसल्या जागी..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. महिना होत आला. अजूनही राग येतो, स्वतःचाच. कारण ताईंचे शेवटचे तीन महिने माझी एक चूक निस्तरण्यात गेले.

ताई मूळच्या जामखेडजवळच्या खर्डा गावच्या. आवाज त्यांचा, चित्रं माझी, अशी आमची आठ वर्षांची जोडी. मोशन ग्राफिक्समध्ये डब्यात डबा ठेवावा तशी एका कंपोझिशनच्या, म्हणजे जुळवलेल्या दृश्याच्या, पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी असते. आतल्या डब्यात जरा काही हललं की बाहेरचा आवाज आणि चित्र यांची फारकत होते. म्हणून ताईंचा दंडक होता : फाइल बाहेर जाण्याआधी एकदा नुसती ऐकायची, एकदा आवाज बंद करून पाहायची, मग दोन्ही मिळून. मी म्हणायचो, "ताई, हे काय औषधाचे डोस आहेत का, तीन वेळा?" त्या म्हणायच्या, "घे मुकाट्यानं."

या हंगामाच्या सुरुवातीला आम्ही ऊसतोड कामगारांसाठी साप चावल्यावर काय करावं याची फिल्म केली. आधी 'हे करा', मग 'हे करू नका', शेवटी दवाखाना. ऐनवेळी साखर कारखान्याचा निरोप आला, थोडी छोटी करा, आज चारला दाखवायचीय. मी सर्वांत आतल्या कंपोझिशनमधून सळसळणाऱ्या सापाचे चार सेकंद उडवले, आवाज बंद ठेवून घाईत पळवत एकदाच पाहिली आणि पेन ड्राइव्ह दिला पाठवून.

ताई दुपारी आल्या, खुर्ची ओढली, हेडफोन लावला. थोड्या वेळानं मान वर न करता विचारलं, "ही कॉपी गेली?"

"गेली."

त्यांचा चेहराच उतरला. आवाज आणि 'करू नका'वर पडणारी लाल फुली बाहेरच्या कंपोझिशनमध्ये जागच्या जागी होती. आतली चित्रं तेवढी चार सेकंद पुढे पळाली होती. ताईंचा आवाज म्हणत होता 'हे लगेच करा', आणि पडद्यावर, नेमकं जे करायचं नाही ते, एक हात चावलेल्या पायाला दोरी करकचून आवळत होता. 'हे अजिबात करू नका' म्हणताना फुली पडत होती ती दवाखान्याकडे निघालेल्या जीपवर.

चारला दहा कमी. स्कूटर मी चालवत होतो. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या... ताई मागून एकच शब्द बोलत होत्या, "चल. चल." कामगारांच्या पाचटाच्या झोपड्यांशेजारी, कोप्यांशेजारी, असलेल्या शेडमध्ये पोहोचलो तर फिल्म संपून माणसं उठत होती. ताईंनी माइक हिसकावूनच घेतला. "बसा समदे. आत्ता पाह्यलं ते इसरा, लई मोठी चूक झालीय." एरवी पुस्तकी बोलणाऱ्या ताई स्वतःच्या पायाला, तो हलू नये म्हणून, काठी धरून सगळं नव्यानं सांगत होत्या. चूक कुणाची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं झालं, एवढ्यात एक मुकादम म्हणाला, "बाई, पर म्या तर टाकली की गावाकडच्या ग्रुपवर."

ती फिल्म ऊसतोडीच्या कुठकुठल्या टोळ्यांत पोहोचली असेल, कोण जाणे. ताई कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मुकादमांची नावं लिहून रोज फोन करायच्या. ती पुसा, दुरुस्त केलेली घ्या. आठ दिवसांनी पुन्हा फोन, खरंच पुसली का. 'द्या, मी करतो' असं मी एकदाही म्हणालो नाही. लाज वाटत होती.

त्यांच्या यजमानांनी परवा ते कॅलेंडर मला आणून दिलं. काट न मारलेलं एकच नाव उरलं होतं, जामखेडकडचं. मी फोन लावला, सगळं सांगितलं.

"पुसतो की," मुकादम म्हणाला. "पर बाई कामून न्हाई बोलल्या? दोनदा त्यांचाच फोन आल्ता म्हनं, मीच रानात हुतो."

ताई गेल्याचं मी सांगितलं. 

"मंग ह्यात त्यांचाच आवाज हाय का?"

"हो."

"आवाज बराबर हाय नं?"

"आवाज सगळा बरोबर आहे. चुकलंय ते माझं चित्र."

"थांबा जरा. बायकूच्या मोबाईलवर हाय."

पलीकडे फिल्म सुरू झाली. दोरी, फुली, जीप, मला काहीच दिसत नव्हतं. ताई तेवढ्या शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगत होत्या. माझ्याच्यानं 'पुरे' म्हणवेना.  फिल्म शेवटपर्यंत गेली, थांबली.

मग तो म्हणाला, "पुसली."