नंबराची मागची बाजू

येत्या रविवारी बाबा पुन्हा शर्यतीत धावणार, आणि वाटेत पडले तर कुणाला कळणार, ही काळजी आठवडाभर लेकीच्या मानगुटीवर बसली होती. बाबांना त्र्याहत्तरावं लागलेलं. जन्मभर त्यांनी चष्म्याच्या काचा घासल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तर हे धावायलाच लागले.

"चोर मागे लागलाय का हो?" आई विचारायची.

"चोर परवडला असता," बाबा बूट बांधता बांधता म्हणायचे.

आई एकाही शर्यतीला गेली नाही. पण बाबांच्या छातीवर पिनांनी लावलेला नंबराचा कागद घरी आला की घामाने ओला झालेला तो कागद ती वाळवायची आणि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. बाबांना घरातल्या तारखा त्या कागदांवरूनच आठवत. हा तू नापास झालीस त्या आठवड्यातला. हा आजी गेली तेव्हाचा, म्हणून शेवटून दुसरा आलो.

मंगळवारी खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून ती सामान हलवायला माहेरी गेली. डबा मांडीवर घेऊन बसली आणि सहज एक कागद उलटा केला. मागे छापलेलं होतं, 'अडचण आल्यास कुणाला कळवावे?' खाली बाबांच्या बारीक अक्षरात आईचा फोन नंबर. वीस वर्षं तोच. आई गेल्यावर तीन कागदांवर लेकीचा, म्हणजे तिचा स्वतःचा. शेवटच्या दोनांवर भलताच.

"बाबा, हा कुणाचा नंबर?"

"खालच्या सायकलवाल्याचा."

"माझा काय वाईट होता?"

"तू कामात असतेस गं. तो दुकानात पंक्चर काढत बसलेला असतो. पटकन उचलतो."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. रागावले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

तिचा नंबर असलेला तिसरा कागद तिने पुन्हा हातात घेतला. कोपरा फाटलेला, त्यावर तपकिरी डाग. तारीख वाचली आणि तो दिवस तिला आठवला. त्या सकाळी अनोळखी नंबरावरून तीनदा फोन आला होता. जाहिरातवाले असतील म्हणून तिने आवाज बंद केला होता. संध्याकाळी बाबांचा फोन आला, आज जरा हळू धावलो. बरं केलंत, म्हणून तिने ठेवूनही दिला. गुडघ्यावरची जखम नंतर न्हाणीघरात घसरल्याच्या नावावर खपली.

"या दिवशी पडला होतात ना?"

"झालं ते झालं. तुझ्या मुलाचं शाळेत नाटक होतं त्या दिवशी. छान झालं होतं म्हणालीस."

रंगाऱ्याने हाक मारली, तेव्हा ती डबा घेऊन उठली.

आपल्या घरी परतून चार दिवस झाले तरी डोक्यात तेच घोळत होतं. या वेळी माझा नंबर लिहा, असं बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार? ते लिहितीलही, तिचं मन राखायला, आणि तेच तिला नको होतं. सायकलवाल्याचा नंबर मात्र न लिहिता पाठ झाला होता. त्या दिवशी बाबांना रस्त्यावरून कुणी उचललं, घरी कुणी आणलं, त्याला ठाऊक असेल; दुकान बाबांच्या घराखालीच होतं. त्याला विचारायचं. आणि सांगायचं, रविवारी तुम्हाला फोन आला तर लगेच मला करा. मी उचलेन.

परक्या माणसाजवळ हे बोलायची लाज वाटत होती. दुकान आठला बंद व्हायचं, आता पावणेआठ झाले होते. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन घेतला.