शक्कीमामांचा कोंडलेला धूर

शक्कीमामा चहा पिण्याआधी बशी उलटी करून बघायचे. खाली काय असणार? काही नसायचं. तरी बघायचे, मग वास घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीक दिसतंय. बाकी पिल्यावर कळंल." त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. ते हिमायतनगरकडचे कुंभार, तरुणपणी परमुलखात बरण्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. नोकरीच्या मागं न लागता भोकरजवळच्या शेतातल्या शेडमध्ये मी मातीचे कप भाजायला गॅसची भट्टी बांधली आणि ती चालवायला मामांना बोलावलं.

भट्टीला तापमानाचा मीटर होता. आकडा काही का दाखवेना, मामा झरोक्याला डोळा लावून आतला रंग बघायचे. "मशीनला कुठं चटका बसतो? ते काय बी सांगंल." माझ्या वहीवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "लिहून घे, लिहून घे. पन धूर वाचायला शिकलीस का?"

धूर हेच त्यांचं खरं काम. झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेच्या लेपात, धुण्याचा सोडा भरपूर घालायचा आणि ती वितळायच्या आधी, भट्टी जेमतेम लाल झाली की धुराडं अर्धं झाकून आत धूर कोंडायचा. काजळी भांड्यावर बसते, मग वर झिलई काचेसारखी वितळते आणि काजळी आतच अडकते. मी नांदेडला गेले असताना मामांनी असा एक कप काढला. दुधाळ पांढऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा करडा-काळा धूर. लातूरच्या एका दुकानदाराने तो बघितला आणि हुबेहूब तसेच साठ मागितले. मी छाती पुढे काढून हो म्हणाले.

अण्णा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "सोयाबीन घरात यायच्या आत जमव. न्हाई जमलं तर शेड मोकळं कर. पोती ठेवायला जागा लागंल."

पुढच्या दोन भट्ट्या मी स्वतः भरल्या. सगळे कप कोरे पांढरे निघाले. मला मामांचाच संशय आला.

"मामा, त्या दिवशी झिलईत काय टाकलं होतं?"

"तू वजन करून दिलं तेच."

"मग आता का येत नाही?"

"मी बी तेच इचारून राहिलो, बाई."

मामा झाडाखाली जेवायला बसले असताना मी त्यांची पिशवी उघडली. आत तंबाखू, चुन्याची डबी, लेकीचा फोटो. पिशवी होती तशी बांधून ठेवली. मामा हात धुऊन आले, पिशवीकडे बघून म्हणाले, "गाठ मी उलटी मारत असतो." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ते मात्र चिडले नाहीत. "शक आला की बघावं मानसानं. पन समोर बसून बघावं."

तिसरी भट्टी उघडली तेव्हा शेतात सोयाबीन पिवळं पडलं होतं. वरच्या फळ्यांवर पुन्हा सगळं कोरं. खालच्या फळीवर मात्र दोन कप, काळ्या जाळीचे. ते मी ठेवलेच नव्हते.

"मी ठेवले," मामा म्हणाले. "भरायच्या आदल्या दिवशी कपांवर पांढरं पीठ असतंय, सकाळी मी बसनं येईस्तोवर गायब. कुठं जातंय? म्हून दोन टोपल्याखाली लपवले. कोन पुसतंय?"

मीच पुसत होते. भरायच्या सकाळी, ओल्या स्पंजने, एकेक कप. मी नांदेडला होते तेव्हाचा तो पहिला कप तेवढा सुटला होता. आमच्या मातीच्या भिंतींना लोणा धरतो, आई दर दसऱ्याला तो खरवडून काढते. पांढरं फुलून आलं की ते घाण, ते काढायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत. आणि कपांवरचा हा लोणा म्हणजे आमचा झिलईतला सोडाच! झिलई वाळताना पाण्याबरोबर वर येतो, लवकर वितळतो आणि काजळीला धरून ठेवतो. क्षार वर कसे येतात यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क.

"तुमचा माझ्यावर शक होता?" मी विचारलं.

"सगळ्यांवर असतो. तुला काय येगळं काढू?"

सोयाबीनच्या काढणीला चार दिवस राहिले असताना साठ कपांची शेवटची भट्टी भरायची होती. कपांवर लोणा छान फुलला होता. मला वाटलं, आता मामा मला शेडच्या दारात उभं करणार नाहीत. ते उलट बाहेर निघाले.

"तूच भर."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो लिंबाखाली."

"मामा, शक संपला का?"

"न्हाई. पन आता तुझा तुलाच शक आलाय. मंग मी कशाला राखन करू?"

ते खरंच कडुलिंबाखाली बसले, भट्टीकडे पाठ करून. मी एकेक कप बुडाला धरून, श्वास रोखून आत ठेवला. साठातले त्रेपन्न काळ्या जाळीचे उतरले. लातूरवाल्याने तेवढे घेतले, अण्णांनी सोयाबीनची पोती ओसरीत रचली आणि शेड माझ्याकडे राहिलं.

दिवाळीनंतर गुडघे धरले म्हणून लेक मामांना घेऊन गेली. उन्हाळ्यात ते गेल्याचा फोन आला. तेव्हा मी भट्टी भरत होते. फोन ठेवून मी पुढचा कप उचलला, बुडाला धरून, वरच्या पांढऱ्या पिठाला बोट न लावता.