मेफ्लायची राखण

काय तोंडाने सांगू मंडळी, असा घोळ घातलाय की आठवला तरी चहा कडू लागतो.

आमची सून मुक्ता पुण्याची. इथे इंदूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लग्नाला वर्ष झालं, पण माझ्याशी बोलणं मोजकंच. त्या दिवशी मात्र तिने हाक मारून मला खिडकीशी नेलं. पडद्यावर एक इवलासा किडा बसला होता.

"बाबा, हा मेफ्लाय. आपल्या कमळाच्या टबातून आलाय. पंख फुटल्यावरही हा एकदा कात टाकतो. दुसरा कुठलाच किडा असं करत नाही! आत्ता पंख धुरकट आहेत ना, ते मग काचेसारखे होतील. मला मुलांना दाखवायचंय. मी लेक्चर घेऊन येते, तोवर लक्ष ठेवाल? हलायला लागला की व्हिडिओ काढा."

"तू टेन्शन मत ले बेटा, मी आहे ना!"

सुनेने पहिल्यांदाच काही सोपवलं होतं हो! छाती फुगली. पंखा बंद, झाडू बंद, बायकोला खोलीत यायची बंदी.

"क्यों जी, किड्याचं बारसं आहे काय?" ती दारातूनच म्हणाली.

पण पोहे राहिले होते ना सकाळचे! दुकान कोपऱ्यावरच. गेलो, वर शेव आणि जिरावन मसाला घालून खाल्ले, आलो.

किडा जागेवरच होता. जरा चुरगळल्यासारखा दिसला. म्हटलं, दमला असेल. पण शेजारी हा कोण? चकचकीत पंख, लांबलचक शेपट्या, आणि आपल्या किड्याला अगदी खेटून! मी एका हाताने मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, दुसऱ्या हाताने पेपरची गुंडाळी उचलली आणि त्या आगाऊ पाहुण्याचा बंदोबस्त केला. मग घाम पुसत व्हिडिओ काढत बसलो.

मुक्ता आली ती आनंदाने ओरडलीच. "बाबा, टाकली की कात! ही बघा, रिकामी! आणि तो कुठे गेला?"

मी पेपर हळूच पाठीमागे नेला.

"व्हिडिओ आहे ना?" म्हणत तिने मोबाइल घेतलासुद्धा.

सुरुवातीलाच तो दिसला. काचेचे पंख! मग फटाक्! मुक्ताचा चेहरा मला बघवेना. एका दिवसाचं आयुष्य त्या जिवाचं, तेही मी पुरं होऊ दिलं नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आणि तो व्हिडिओ काही संपेचना. पुढे नुसती रिकामी कात, आणि तिला धीर देणारा माझाच लाडिक आवाज: "डर मत भिया, त्याला मारलं मी!"