इंदापूरच्या लॉजचा वरचा मजला

मोरगावच्या स्टँडवर एका शेळीने माझ्या पिशवीतून लोंबणारा दुर्वांचा हार ओढला आणि बघता बघता फस्त केला. मी "अगं, अगं" करत उठले, तर बाकावरची बाई शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या ताई, त्याच्याच दारातली हाय ती." गणपतीचा प्रसाद गणपतीच्या शेळीला गेला, असं म्हणून मी बारामतीच्या गाडीत चढले.

नाशिकच्या शाळेत चित्रकला शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. एकटीने केलेला हा माझा पहिलाच प्रवास. इंदापूरच्या जुन्या पेठेतल्या, नव्याने दुरुस्त केलेल्या एका लॉजचा फोटो मी पाहिला होता. सागवानी तुळया, चुन्याच्या भिंती आणि रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. सज्ज्यालगतची वरची खोली मी फोन करून राखून ठेवली होती.

बारामतीला गाडी बदलली. पुढे भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागलं. कारखाना जवळ आला तशी मळीचा (साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाचा) आंबूस-गोड वास खिडकीतून आत शिरला आणि इंदापूरपर्यंत माझ्या पदराला चिकटून राहिला.

पेठेतला रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना भुसार माल, भांडी, बांगड्या यांची दुकानं. लॉजसमोर पोहोचले तर दारात हातगाडी उभी आणि दोन हमाल पाठीवर ज्वारीची पोती घेऊन जिना चढत होते.

"ताई, माफ करा," मालकीणबाई लगबगीने पुढे आल्या. "तुमच्या खोलीत आज ज्वारी राहणार. तुम्ही आजची रात्र खालच्या खोलीत काढा."

या शमीम तांबोळी. पेठेत सगळे त्यांना शमीमभाभी म्हणतात. बाजाराला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी त्यांच्या आजेसासऱ्यांनी हे लॉज बांधलं. वरचा मजला तीस वर्षं बंद होता. खालचा मजला दुरुस्त होऊन गेल्या दिवाळीत सुरू झाला. वरचाही तयार होता, पण त्याचा भार तपासल्याशिवाय पाहुणे वर पाठवायचे नाहीत, असं पुण्याच्या इंजिनिअर मुलीने बजावलं होतं. ती तपासणी दोन दिवस लांबली आणि नेमकी माझ्या वाट्याला आली. वर साठ पोती रचायची, चोवीस तास ठेवायची आणि तुळई किती वाकते, पोती काढल्यावर परत वर येते का, ते बघायचं.

पोती पेठेतल्या दुकानदारांनी दिली होती. समोरचा भुसारवाला मला म्हणाला, "मजला आला खाली तर समद्या पेठेची ज्वारी एकाच घरात. बसा मग निवडत!" तो हसला, पण डोळे वरच लागले होते.

खालच्या जेवणघरात, त्याच तुळईच्या बरोबर खाली, तीन पायांच्या तिकाटण्यावर घड्याळासारखं एक मोजयंत्र बसवलं होतं. त्याची बारीक दांडी वर तुळईला टेकलेली. भोवती दोरी बांधली होती. इंजिनिअरचं नाव मृणाल. तिने मला दोनदा सांगितलं, "मावशी, या दोरीच्या आत कुणीही जायचं नाही."

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ विडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसले होते. हे दगडूतात्या, गवंडी. सिमेंटला हात न लावता चुना मळून त्यांनी हे जुनं घर पुन्हा उभं केलं होतं. त्यांच्याच मुलाने स्लॅब टाकायचा सल्ला दिला, तेव्हा तात्या त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते म्हणे.

"तात्या, भीती वाटते का?" मी विचारलं.

"भ्या कशाचं?" ते म्हणाले. पण रात्री जेवायला चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) तळलेली, गरम भाकरी, ठेचा असं सगळं ताटात असताना तात्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

आता माझा अपराध सांगते. सकाळी लवकर चहासाठी जेवणघरात गेले. कुणी नव्हतं. पूर्वेच्या झरोक्यातून ऊन थेट तुळईवर पडलं होतं आणि तिच्यावर कोरलेली वेल उजळून निघाली होती. चाळीस वर्षं मुलांना वेलबुट्टी शिकवलेल्या बाईला राहवेल कसं? मी दोरीखालून वाकून आत गेले, फोटो काढला आणि मागे सरताना पिशवीचा बंद तिकाटण्यात अडकला. ते हललं. मी झटकन सावरलं, होतं तसं उभं केलं आणि गुपचूप बाहेर आले.

साडेआठला मृणालने काटा पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"नऊ मिलिमीटर. रात्री अडीच होतं. सहाच्या पुढे मी परवानगी देऊ शकत नाही, भाभी."

शमीमभाभी खुर्चीवर बसल्या. तात्या उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले. "माज्या चुन्यानं दगा न्हाय द्यायचा," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"मी हलवलंय ते," मी म्हणाले. "सकाळी. फोटोसाठी आत गेले होते."

मृणालने डोळे मिटून घेतले. "मावशी... आता सगळं पहिल्यापासून. पोती उतरवा, पुन्हा चढवा. आणि मला उद्या पुण्यात हजर राहायचंय."

तेवढ्यात तात्या म्हणाले, "पोरी, हिकडं ये."

तुळईच्या दुसऱ्या बाजूला, मोजयंत्रापासून दोन हात लांब, फरशीवर एक सरळ लाकडी पट्टी उभी होती. मला ती दुरुस्तीतलीच वाटली होती. पोती चढायच्या आधीच तात्यांनी तुळईच्या बगलेवर आणि पट्टीवर एका रेषेत टोकदार पेन्सिलीची खूण केली होती.

"तुज्या घड्याळावर माजा इस्वास हाय," तात्या म्हणाले, "पर माज्या खुणंवर जरा जास्त हाय."

मृणालने पट्टी जागची हललेली नाही ना, ते तपासलं. खिशातून भिंग काढलं, स्टीलची पट्टी लावली. तिने दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

"अडीच," ती म्हणाली. "जेमतेम अडीच!"

दुपारी चारला चोवीस तास पूर्ण झाले. खूण तिथेच, अडीचवरच होती. पोती उतरवायला हमालांबरोबर पेठेतले दुकानदारही धावले. मी शेवटचं पोतं जिन्यावरून खाली येईपर्यंत पट्टीजवळ राखण करत बसले होते, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग मृणाल वाकली. तुळई परत वर आली होती, दोन्ही रेषा एकमेकींना भिडल्या होत्या.

"पास!" ती ओरडली. एवढी शांत मुलगी, पण आवाज रस्त्यापलीकडे गेला. भुसारवाल्याने दुकानातून टाळ्या सुरू केल्या, बांगडीवाल्याने शिट्टी मारली. शमीमभाभींनी तात्यांचे पाय धरले, तर ते मागे सरत म्हणाले, "आवं भाभी, उटा, उटा! जिना दाखवा पावण्यास्नी." मग सगळी पेठच वर आली. सज्ज्यात माणसं मावेनात. मृणालने प्रत्येक वेळी किती जण आहेत ते मोजलं आणि शेवटी मोजणं सोडून स्वतःच हसत उभी राहिली. तात्या मात्र खोलीच्या मधोमध गेले, चप्पल काढली आणि दोन्ही पायांनी जमिनीवर जोरात उडी मारली. पंचाहत्तरीचा माणूस!

त्या रात्री मी वरच्या खोलीत झोपले. तीस वर्षांतली पहिली पाहुणी. चादरीला ज्वारीचा वास येत होता.

निघताना भाभींनी डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "पुन्हा या," त्या म्हणाल्या, "पण दोरी ओलांडू नका!"

परतीच्या गाडीत मी स्वतःशी विचार करत होते. आयुष्यभर मुलांच्या चुका लाल पेन्सिलीने खुणावल्या, माझी चूक चारचौघांत सांगायला मात्र निवृत्त व्हावं लागलं. सांगितली, आणि आकाश काही कोसळलं नाही. मजलाही नाही.

शेजारी फेटेवाले आबा बसले होते. "कुठं उतरला हुता, ताई?"

"पेठेत. तांबोळींच्या लॉजवर," मी म्हणाले. "वरच्या मजल्यावर."

आबा माझ्याकडे वळले. "वरचा मजला चालू झाला व्हय?"

"झाला," मी म्हणाले, मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "कालपासून."