यमुनाबाईंना केळं चालत नाही

इच्छापुरात उखर्डूभाऊंची पाच एकर केळीची बाग. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, शेतातच एक पिकलं केळं खाल्लं आणि दहा मिनिटांत त्यांचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकायला लागला.

"नजर लागली," शेजारीण म्हणाली. उखर्डूभाऊंनी तिचं ऐकून न घेता जीप मागवली आणि बुऱ्हाणपूर गाठलं. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, जीव वाचला. मग रक्त तपासलं. केळ्याची ॲलर्जी.

"चाळीस वर्षं खाल्लं, काही नाही झालं," घरी आल्यावर यमुनाबाई चिडल्या. "आताच काय झालं एकदम?"

त्यांची मुलगी मृणाल बी.एस्सी. करत होती. ती आईजवळ बसली.

"आई, आपल्या अंगात काही पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांच्या अंगावर बाहेरून रिसेप्टर असतात, बारीक पकडी समज. तुझ्या शरीराने केळ्यातल्या प्रथिनाला चुकून दुश्मन मानलं आणि त्याच्यासाठी अँटिबॉडी बनवल्या. त्या रिसेप्टरवर जाऊन बसल्या. नुसतं बसून काही होत नाही. पण पुन्हा केळं खाल्लं, आणि त्याचं प्रथिन शेजारच्या दोन अँटिबॉडींना एकाच वेळी चिकटलं, की खालचे रिसेप्टर जवळ ओढले जातात. तोच इशारा! पेशी हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर फेकते. मग खाज, सूज, सगळं."

"म्हणजे केळं बिचारं साधं. पहारेकरीच येडा."

"बरोबर समजलं तुला! अजून एक. रबराच्या झाडाच्या चिकात थोडी तशीच प्रथिनं असतात. त्या अँटिबॉडींना फरक कळत नाही कधीकधी. रबरी हातमोज्यांपासून सांभाळ."

"मी कुठं घालते हातमोजे?" यमुनाबाई हसल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्यावर त्यांना डॉक्टरांचे हात दिसले आणि त्या ताडकन उठून बसल्या.

"माताजी, घबराओ मत," डॉक्टर म्हणाले.

"घाबरत नाही हो. मोजे रबराचे आहेत का? मला केळ्याची ॲलर्जी आहे."

नर्सला हसू आलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "हे आधी कोणी विचारलं कसं नाही?" म्हणत त्यांनी मोजे काढले, नळ्यासुद्धा बदलायला लावल्या. तासभर उशीर झाला. ऑपरेशन सुरळीत पार पडलं. शुद्धीवर येताच यमुनाबाईंनी चहा मागितला.

परवा महिला मंडळात त्यांनी हा सगळा प्रकार करूनच दाखवला. दोन बायका रिसेप्टर म्हणून उभ्या केल्या, त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून दोघी अँटिबॉडी. यमुनाबाईंची जाऊ रजनी केळं झाली. तिने दोन्ही अँटिबॉडींना धरून असं ओढलं की चौघी एकमेकींवर आदळल्या, आणि मागे टोपली घेऊन बसलेल्या गोदाबाईंनी "हिस्टामिन!" ओरडत मुरमुरे उधळले. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंडळातली सोनाली तेवढी हसली नाही. "यमुनाकाकू," ती हळूच म्हणाली, "माझ्या पोरीचे ओठ शेंगदाणे खाल्ले की सुजतात."

यमुनाबाई केसांतले मुरमुरे झटकत तिच्याजवळ गेल्या. "आजपासून दाण्याला हात लावू देऊ नको तिला. उद्या सकाळच्या बसने बुऱ्हाणपूरला जाऊ, डॉक्टरला दाखवू. मी येते संगं."