राजाचं प्रेत

माझी बायको दुबईतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. दिवसभर हसायचं काम. अजमानला घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा पार दमलेला असतो. मी काहीही म्हटलं तरी उत्तर एकच, "बरं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. याचा मला अभिमानच होता.

मग दुबईच्या बर दुबई भागातल्या आमच्या हौशी नाटकवाल्यांनी एक ग्रीक शोकांतिका मराठीत बसवायला घेतली आणि राणीचं काम हिला मिळालं. जहाजांना वारा मिळावा म्हणून राजा पोटच्या मुलीचा बळी देऊन युद्धाला जातो. कित्येक वर्षांनी जिंकून परततो, तेव्हा राणी त्याच्यासाठी पायघड्या घालते, गोड बोलून आत नेते आणि न्हाणीघरात ठार मारते. राजा झालेला गृहस्थ इन्शुरन्समध्ये होता. उंच, भारदस्त आवाजाचा.

तालमीला मीच तिला गाडीने न्यायचो. एकदा आत जाऊन बसलो. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिची नजर त्याच्यावरून ढळत नव्हती. द्वेष होता, पण इतकी वर्षं वाट पाहिल्याची ओढही होती. माझ्याकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

घरी मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकायला लागलो. जेवणाला नावं ठेवली. "बरं," ती म्हणाली. लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, आर यू जेलस?"

एका शनिवारी मी हिला सांगितलं, तालीम रद्द झाली. आणि दिग्दर्शकबाईंना कळवलं, हिची ड्यूटी बदलली. सोमवारी सगळं उघडं पडलं.

ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"माझ्या नावाने खोटं बोललास? दिवसभर हसते मी. तिथे दोन तास मनासारखं रागावता येतं. तेही तुला बघवत नाही?"

"मग माझ्यावर काढ ना राग! त्या माणसावर कशाला?"

"थांब. काढते."

पुढच्या तालमीला तिने परस्पर ठरवून टाकलं. माणसं कमी होती, राजा मेल्यावर त्याच नटाला दुसऱ्या भूमिकेत यायचं होतं. म्हणून प्रेत कोणीतरी वेगळं हवं होतं.

"हा निजेल," ती म्हणाली.

प्रयोगाच्या दिवशी मला लाल डागांच्या चादरीखाली ढकलगाडीवर घालून रंगमंचावर आणलं. ती माझ्या उशाशी उभी राहिली. "होय, मीच मारलं," ती म्हणाली. मग बळी दिलेल्या मुलीबद्दल बोलताना तिचा आवाज चिरकला आणि तिने माझा खांदा चादरीवरून असा आवळला की डोळ्यांत पाणी आलं. हे तालमीत नव्हतं. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मला तिची खरोखर भीती वाटली, आणि हलावंसंही वाटेना.

परतताना गाडीत मी विचारलं, "शिंक आली असती तर?"

"खलास केला असता," ती म्हणाली आणि खूप दिवसांनी मोकळी हसली.

तो इन्शुरन्सवाला अजून फोनवर तिला 'राणीसाहेब' म्हणतो. मला ते अजूनही आवडत नाही.